दूध आलं, पण बाळाला पिताच येईना

पिल्लू मांडीवर झोपलीये, एक हात मोकळा आहे, तेवढ्यात लिहून टाकते, कारण चुलत वहिनी, ऑफिसातल्या मैत्रिणी, शाळेतली एक अशा सगळ्यांना फोनवर तेच तेच सांगून झालंय. विषय आहे बाळंतपणानंतर छातीत दूध दाटणं. दूध कमी पडलं तर काय करायचं यावर मला नवव्या महिन्यातच इतके सल्ले मिळाले होते की डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरं, शतावरी कल्प सगळं डिलिव्हरीच्या आधीच धायरीला आईकडे येऊन पडलं होतं. दूध भरपूर आलं आणि अडकून बसलं तर काय, याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

माझं सिझर झालं. हॉस्पिटलमध्ये होते तोवर नुसता चीक येत होता, पिवळसर, घट्ट, कधी चार थेंब कधी तेवढेही नाही. सिस्टर म्हणायच्या एवढंच लागतं तिला, पोट केवढंसं असतं, तू फक्त लावत राहा. मी लावत राहिले. टाक्यांमुळे धड बसता येत नव्हतं आणि सलाईन इतकी चढवलेली की पायाचे घोटे दिसत नव्हते, चप्पल आत जात नव्हती (हे पायांचं लक्षात ठेवा, पुढे लागणारे). खरं पांढरं दूध डिलिव्हरीनंतर साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या मध्ये कधीतरी उतरतं. वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन झपकन खाली येतं आणि मग दूध जोरात बनायला लागतं, सिझरवाल्यांचं जरा उशिरा पण होऊ शकतं. म्हणजे होतं काय की मदतीला सिस्टर असतात तेव्हा दूध नसतं आणि दूध येतं तेव्हा आपण घरी आलेलो असतो.

घरी आलो, आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पिल्लूला आत घेतलं, रात्री नीट झोपले आणि पहाटे जाग आली तर कुशीवर वळता येईना. दोन्ही बाजू टणक, गरम, कातडी ताणून चकचकीत झालेली, निळ्या शिरा वर आलेल्या, आणि हे सगळं फक्त पुढेच नाही तर थेट काखेपर्यंत. काखेत तर एक वेगळी गाठच हाताला लागली आणि मी घाबरून नवऱ्याला वाकडला फोन लावला, पहाटेच. (ती गाठ म्हणजे पण दुधाचाच भाग असतो, काहींच्या काखेत तसे टिश्यू असतात आणि ते पण भरतात, हे नंतर कळलं.) हात अंगाला टेकवता येत नव्हता, गाऊनचं कापड घासलं तरी दुखत होतं. थर्मामीटर लावला तर 99 च्या थोडं वर.

दुखणं एकवेळ सहन झालं असतं हो. खरा प्रॉब्लेम पिल्लूचा. काल रात्रीपर्यंत बऱ्यापैकी धरत होती, आता निपलच सपाट झालेलं, आजूबाजूचा काळा भाग इतका ताठ की तिच्या तोंडात काही जाईचना, ती तोंड उघडायची, सटकायची, परत शोधायची, परत सटकायची आणि मग लाल होऊन किंचाळायची. इकडे दूध ठिबकतंय आणि तिकडे पोर भुकेने रडतंय. तिचं रडणं ऐकून पान्हा फुटायचा आणि अजून ताण यायचा. बाबा हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते आणि मधूनच "पावडरचं दूध आणू का गं" विचारत होते.

सकाळी आठपर्यंत सल्ल्यांचा ढीग. आई म्हणाली गरम पाण्याच्या पिशवीने शेक, सगळं मोकळं होईल. सासूबाईंनी फोनवर सांगितलं की अळिवाची खीर आजपासून बंद आणि पाणी कमी पी (पाणी कमी प्यायल्याने काही होत नाही, बाळंतिणीला उलट बद्धकोष्ठ होतं, ती वेगळीच कथा). नणंद दुबईला असते, ती म्हणाली डबल इलेक्ट्रिक पंप मागव, दोन्ही बाजू पूर्ण रिकाम्या कर, संपला विषय. समोरच्या आजी जुनं सुती लुगडं घेऊन आल्या, छाती आवळून बांधायला. वरच्या मजल्यावरच्या तामिळ काकूंनी मोगऱ्याची फुलं ठेवायला सांगितली, त्यांच्याकडे करतात म्हणे, पण ते दूध आटवायला, आणि मला तर पाजायचं होतं. सगळ्यांचा जीव तुटत होता, त्यात शंका नाही, पण एकीचा सल्ला ऐकला की दुसरीचा बाद होत होता.

नशीब की पिल्लूच्या डॉक्टरांनी फाईलमध्ये एका लॅक्टेशन कन्सल्टंटचा, म्हणजे बाळाला अंगावर पाजायला मदत करणाऱ्या तज्ज्ञ बाईंचा, नंबर लिहून दिला होता. त्या कोथरूडहून आल्या, ऑगस्टचा पाऊस, सिंहगड रोडचं ट्रॅफिक, रेनकोट दारातच काढून हात धुतले आणि पहिला प्रश्न काय तर "सलाईन किती लावलं होतं, पाय दाखव बघू." मला वाटलं ह्या चुकून दुसऱ्याच पेशंटकडे आल्यात.

त्यांनी जे समजावलं तेच खरं म्हणजे मला सांगायचंय. ही छाती जी टणक झालीये ती सगळी दुधाने नाही. दूध बनायला लागताना तिथला रक्तपुरवठा एकदम वाढतो, टिश्यूमध्ये पाणी धरतं, सलाईनचं जास्तीचं पाणी जसं पायात उतरतं तसंच इथेही जमतं. म्हणजे दूध आहेच, पण त्याच्या भोवतीने सूज आहे आणि त्या सुजेने नळ्या दाबल्या जातात. म्हणून कितीही दाबा, पिळा, दूध नीट बाहेर येत नाही, उलट जोरात रगडलं तर आतलं नाजूक टिश्यू दुखावतं आणि सूज वाढते. जास्त वेळ शेकलं की रक्तपुरवठा अजून वाढतो, म्हणजे परत सूज. आणि पंप लावला तर तो ओढून ओढून ते पाणी नेमकं पुढे, काळ्या भागात आणतो, जिथे बाळाने धरायचं असतं. त्यांचं म्हणणं एवढंच की छाती रिकामी करायच्या मागे लागू नकोस, फक्त पुढचा इंचभर भाग मऊ कर, बाकीचं काम पोरगी करेल.

मऊ म्हणजे किती, तर बोटाने स्वतःचं कपाळ दाबून बघ, मग नाकाचा शेंडा, मग ओठ. आत्ता तुझं कपाळासारखं आहे, ओठासारखं झालं की बाळाला लाव. मला हे इतकं पटलं की अजून कोणालाही सांगताना मी हेच सांगते.

मग प्रत्यक्ष. नखं आधी कापून टाकली. मला पाठीवर जवळजवळ सपाट झोपवलं, कारण आडवं झालं की सुजेचं पाणी मागे सरकायला मदत होते. दोन्ही हातांची बोटं निपलच्या अगदी बुडाशी गोल लावायची आणि सरळ आत, बरगड्यांच्या दिशेने दाबून धरायची. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं दाबून धरायचं, सावकाश साठ आकडे मोजेपर्यंत, जास्त टणक असेल तर अजून थोडं. मग बोटांची जागा बदलायची, आधी डावी-उजवीकडे होती ती आता वर-खाली, परत साठ. दुखायला नको, दुखलं तर जोर कमी करायचा. बोटं काढली तेव्हा तिथे खळगे पडलेले दिसले, घोट्यावर दाबल्यावर पडतात तसलेच. म्हणजे ते खरंच पाणी होतं!

त्यानंतर हाताने थोडं दूध काढायचं. अंगठा वर, दोन बोटं खाली, निपलपासून साधारण इंचभर मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणायची, मग सोडायचं. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत, निपल ओढायचं तर अजिबातच नाही. सुरुवातीला काहीच येईना, मी रडायच्या बेतात, मॅडम शांतपणे म्हणाल्या चालू ठेव, लय सोडू नकोस. मग एक थेंब, मग दोन, आणि मग एकदम बारीक बारीक तीन-चार धारा वेगवेगळ्या दिशेला, एक थेट त्यांच्या चष्म्यावर. आई हसायला लागली तेव्हा मला पण हसू आलं आणि मला वाटतं त्या हसण्यानेच अजून दूध सुटलं, कारण टेन्शनमध्ये पान्हा अडतो हे खरंच आहे.

वाटीत जमलेलं ते दूध वाया नाही घालवलं. आईने माझ्या लहानपणीचं चांदीचं बोंडलं आधीच उकळून ठेवलं होतं, त्याने पिल्लूला थोडं पाजलं, कारण भुकेने पिसाटलेलं बाळ शिकत नाही, आधी जरा शांत करायचं. मग तिला माझ्या काखेखालून, पाय माझ्या पाठीमागे जातील असं धरलं, सिझरवाल्यांना हे बरं पडतं, टाक्यांवर वजन येत नाही. तिचं नाक निपलसमोर, वाट बघायची, तिने जांभई देतात तेवढा मोठा आ केला की पटकन जवळ, हनुवटी आधी टेकली पाहिजे. आणि धरलं हो तिने! आधी भराभर छोटे छोटे झटके आणि मग गटक... गटक... गटक असा गिळण्याचा आवाज यायला लागला. ती पीत असताना दुसरी बाजू आपोआप गळायला लागली, मांडीखालचा पंचा पूर्ण भिजला. त्या बाजूचं थोडं मऊ पडल्यावर ती झोपून गेली, पण मला हात अंगाला टेकवता आला, त्या क्षणी अजून काही नको होतं.

पाजायच्या आधी एखाद-दोन मिनिटं कोमट ओला नॅपकिन चालतो, पान्हा यायला मदत होते, त्यामुळे आईचा शेक पूर्ण रद्द नाही झाला, छोटा झाला. पाजून झालं की मात्र गार. दहा-पंधरा मिनिटं, कापडात गुंडाळून, थेट कातडीवर बर्फ नाही. आणि इथे आमच्या घरात महायुद्ध झालं. बाळंतिणीला गार? पावसाळ्यात? दूध गार होईल, पोरीला सर्दी होईल, तुला म्हातारपणी वात धरेल! मॅडमनी समजावलं की दूध शरीराच्याच तापमानाचं येतं, बाहेरून थोडा वेळ गार लावल्याने बाळाला काहीही बाधत नाही. आई गप्प बसली पण पटलं नव्हतं. शेवटी तहाच्या अटी अशा ठरल्या की मी कानाला स्कार्फ बांधणार, पायात मोजे घालणार, अंगावर शाल घेणार, आणि छातीवर फ्रोझन मटारचं पाकीट. त्या अवतारातला फोटो नवऱ्याने काढलाय, तो मी कुणालाही दाखवणार नाहीये.

मटार बरे, कारण छातीच्या आकाराला नीट बसतात. पण मध्ये गुरुवार आला, पुण्यातल्यांना वेगळं सांगायला नको, सकाळपासून लाईट गायब, फ्रीजर उघड-बंद करून करून मटार मऊ पडले. तेव्हा बाबांनी मंडईतून आणलेला कोबी कामाला आला. पानं सुटी करून धुवायची, आधी फ्रीजमध्ये गार केलेली असली तर छान, मधल्या जाड शिरा लाटण्याने चेचायच्या आणि ब्रामध्ये नुसती ठेवायची, निपल मोकळं ठेवून, कोमेजली की फेकून द्यायची. कोबीत औषध आहे असं लोक सांगतात, त्याला तसा भक्कम पुरावा नाही असं मॅडम म्हणाल्या, पण गारवा मिळतो, नुकसान नाही, तर ठेव. मला बरं वाटलं. अंगाला दिवसभर कोबीच्या भाजीचा वास येत होता तेवढं सोडलं तर. चिरा असतील, कातडी फुटली असेल तर मात्र पानं नकोत.

मालिशवाल्या मावशींचा किस्सा सांगायलाच हवा. तीस वर्षं बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालतायत, बघताच म्हणाल्या गाठी झाल्यात, चला फोडून टाकते, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं मावशी, फोडायचं नाही, पावडर लावतात तेवढ्याच हलक्या हाताने, आणि निपलकडे नाही, उलट दिशेने, काखेकडे आणि गळ्याच्या हाडाकडे. सुजेचं पाणी त्या बाजूने ओढलं जातं म्हणून. मावशींना राग आला, सरळ आहे, इतक्या वर्षांची विद्या आणि काल आई झालेली पोरगी शिकवतेय. तेल लावताना एक शब्द बोलल्या नाहीत. पण काखेतली गाठ दुपारपर्यंत उतरलेली त्यांनीच आधी पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी त्या आईला सांगत होत्या की मी तर पहिल्यापासून हलकाच हात लावते. म्हटलं बरोबर आहे मावशी.

पंप नणंदेने पाठवला तो पाठवलाच. पंप वाईट नाही, बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल किंवा कामावर परत जायचं असेल तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. पण या दिवसांत छाती पूर्ण रिकामी केली की शरीराला वाटतं बाळाला तेवढं लागतंय आणि ते पुढच्या वेळी तेवढं बनवतं, म्हणजे आज सुटका आणि उद्या डबल. उलट थोडं दूध आत राहिलं की शरीर आपोआप ब्रेक लावतं. म्हणून काढायचं ते फक्त जरा हलकं वाटेपर्यंत. पंपाचा खोका अजून कपाटावर आहे, सहा महिन्यांनी ऑफिस सुरू झालं की उघडेन.

बाकी मग फारसं काही नाही, बाळाला वारंवार पाजणं. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, त्यात रात्रपण आली, "रात्री मी बघते, तू झोप" म्हणणाऱ्या आयांना प्रेमाने नाही म्हणायचं कारण रात्रीचा एक फीड चुकला की पहाटे परत टणक. तारेची, घट्ट ब्रा नको, आवळून बांधणं तर नकोच. टाक्यांसाठी डॉक्टरांनी दिलेली आयब्युप्रोफेन चालू होती, ती सुजेवर पण काम करते आणि पाजताना चालते, पॅरासिटॅमॉल पण चालते, तरी आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

एकदा रात्री डाव्या बाजूला बाहेरच्या अंगाला लालसर पट्टा दिसला आणि माझी झोप उडाली. मॅडमनी काय बघायचं ते सांगून ठेवलं होतं: ताप 101 च्या वर, थंडी वाजणं, फ्लू झाल्यासारखं अंग मोडून येणं, किंवा तो लाल भाग वाढत जाणं आणि चोवीस तासांत कमी न होणं. यातलं काही झालं तर सरळ डॉक्टर गाठायचा, अँटिबायोटिक लागू शकतं, आणि तेव्हाही पाजणं थांबवायचं नाही, ते दूध बाळाला चालतं. माझा ताप वाढला नाही, गार शेक आणि गोळीवर सकाळपर्यंत लाली फिकट झाली.

दोन-तीन दिवसांत सगळं उतरलं. नंतर परत एकदा झालं ते बारशाला. पाहुण्यांच्या हातातून पिल्लू काही सुटेना, ही आत्या झाली की ती मावशी, ती पण शहाण्यासारखी झोपून राहिली, आणि इकडे माझ्या पैठणीच्या ब्लाऊजला टाचणी लावली तर फुटेल अशी अवस्था. बाहेर बायका पाळणा म्हणत होत्या आणि मी आतल्या खोलीत कडी लावून, ब्लाऊजची हुकं काढून, कॉटवर आडवी पडून साठ आकडे मोजत होते. वाटीत थोडं काढलं, पदर सारखा केला आणि नाव ठेवायच्या वेळेला बाहेर.

आता दीड महिन्याची लस पण झालीये आणि नवीनच चर्चा सुरू आहे. हल्ली पाजायच्या आधीसुद्धा छाती मऊच असते, गळणं जवळपास थांबलंय, तर आईला वाटतंय दूध कमी झालं. कमी नाही झालंय, काही आठवड्यांत शरीराला अंदाज येतो आणि लागेल तेवढंच, लागेल तेव्हा बनतं. पिल्लू दिवसाला सहापेक्षा जास्त लंगोट ओले करतेय, लसीच्या वेळी वजन घेतलं ते छान वाढलंय, डॉक्टरांनी फाईलवर टिक केलीये. हे सगळं मी आईला आकड्यांसकट दाखवलं. तिने चष्मा लावून फाईल वाचली, हो हो म्हणाली, आणि संध्याकाळी बाबा शतावरी कल्पाचा अजून एक डबा घेऊन आले.